पथनाट्याचा इतिहास बारा पोस्टरांत मावतो का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही काढलाय. बोललेलं थोडं नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.

तर झालं असं. एका कॉलेजच्या पथनाट्य ग्रुपमधून मेसेज आला. "ताई, आम्हाला १२ एप्रिलला पोस्टर प्रदर्शन लावायचंय. जन नाट्य मंचाच्या इतिहासावर. बारा पोस्टर. जरा बघाल का?" १२ एप्रिल म्हणजे सफदर हाश्मी यांचा जन्मदिवस. साल १९५४. पथनाट्य करणारे देशभरातले ग्रुप हा दिवस राष्ट्रीय पथनाट्य दिवस म्हणून पाळतात.

मुलांनी मोबाईलवर पहिला आराखडा पाठवला. दिसायला भारी होता. लाल आणि काळा रंग, मोठ्ठी अक्षरं. पण मी मोजलं तर बारापैकी सात पोस्टरांवर सफदरचा चेहरा होता आणि पाच पोस्टर फक्त १ जानेवारी १९८९ या एका दिवसाबद्दल होती. तेवढ्यात त्यांच्यातल्याच एका मुलीने विचारलं, "ताई, हा राम बहादूर कोण?" नवव्या पोस्टरच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरांत, एका ओळीत हे नाव होतं.

त्या प्रश्नापासून आमचं सगळं काम बदललं. आजचा भाग त्याबद्दलच आहे. जन नाट्य मंच म्हणजे 'जनम', त्याचा इतिहास तर सांगतेच, पण तो भिंतीवर लावायचा म्हटला की काय काय ठरवावं लागतं, तेही सांगते.

आधी अडचण सांगते

थिएटरमधल्या नाटकाच्या मागे काय उरतं? तिकिटं, जाहिराती, नेपथ्याची रेखाटनं, पेपरातली समीक्षा. पथनाट्याच्या मागे यातलं जवळपास काहीच उरत नाही. तिकीट नाही, सेट नाही. कारखान्याच्या गेटवर जेवणाच्या सुट्टीत नाटक झालं, लोकांनी पाहिलं, भोंगा झाला, लोक आत गेले. संपलं. सफदरच्या हयातीत जनमने २४ च्या आसपास पथनाट्यं केली आणि त्यांचे साधारण ४,००० प्रयोग झाले. यातल्या किती प्रयोगांचा फोटो असेल?

म्हणून होतं काय, की ज्याचे फोटो आहेत त्याचाच इतिहास होतो. आणि जनमच्या बाबतीत सगळ्यात जास्त फोटो, बातम्या, लेख कशाचे? हत्येचे आणि अंत्ययात्रेचे. म्हणजे मुलांची चूक नव्हतीच. सर्चमध्ये जे वर आलं, ते त्यांनी मोठं केलं.

आम्ही एक नियम ठरवला. प्रत्येक पोस्टरवर एकच वस्तू. चेहरा नाही, वस्तू. आणि मजकूर जास्तीत जास्त ७० शब्द.

पोस्टर १: नगारा

सुरुवात दिल्लीत नाही, मुंबईत होते. २५ मे १९४३ ला मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनची, म्हणजे 'इप्टा'ची स्थापना झाली. तिचं बोधचिन्ह चित्तप्रसाद यांनी काढलेलं, नगारा वाजवणारा माणूस. आपल्याकडचे अण्णा भाऊ साठे, अमर शेख ही याच काळातली, याच चळवळीतली माणसं. लोकांकडे नाटक घेऊन जायचं, ही कल्पना इथून पक्की झाली.

तीस वर्षांनी, १९७३ मध्ये, दिल्लीत इप्टाशी जोडलेल्या काही तरुण मुलामुलींनी स्वतःचा ग्रुप काढला, जन नाट्य मंच. हे सगळे विशीच्या आसपासचे, डाव्या विद्यार्थी चळवळीतून आलेले.

इथे एक छोटासा वाद झाला. कॉलेजच्या ऑफिसातून सुचवलं गेलं की 'डाव्या' हा शब्द काढा, उगाच राजकीय नको. मुलं घाबरली. मी म्हटलं, बघा, जनमला आपला पक्ष कधी लपवायचा नव्हता. सफदर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, नाटकं कामगार संघटनांसाठी व्हायची. ते तुम्हाला पटतं का, हा वेगळा मुद्दा. ते खोडलं तर मात्र पुढचं एकही पोस्टर समजणार नाही. ही माणसं गेटवर का गेली, हेच कळणार नाही. शेवटी मुलांनी कौतुकही नाही आणि टीकाही नाही असं एक साधं वाक्य लिहिलं, फक्त माहिती देणारं. ते राहिलं.

पोस्टर २ आणि ३: खुर्ची, आणि रिकामा खिसा

जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली. जनमने लगेच एक छोटं नाटक उभं केलं, 'कुर्सी कुर्सी कुर्सी'. राजा खुर्चीवरून उठायला जातो, तर खुर्ची त्याच्यासकट उठते. दिल्लीच्या बोट क्लबच्या हिरवळीवर याचे प्रयोग झाले. थोड्याच दिवसांत आणीबाणी आली. या पोस्टरला काही सुचवावंच लागलं नाही. माणसाला चिकटलेली खुर्ची, झालं.

तिसरं पोस्टर मला फार आवडतं, कारण इथे खरं वळण आहे. आपल्याला वाटतं पथनाट्य म्हणजे क्रांतीच्या जोशात सुचलेली कल्पना. जनमची गोष्ट फार साधी आहे. सुरुवातीला ते मोठी, स्टेजवरची नाटकं करायचे. कामगार संघटना, किसान सभा त्यांना बोलवायच्या. १९७७ ला आणीबाणी उठली तेव्हा संघटनांकडे पैसेच उरले नव्हते. स्टेज, माईक, लाईट, एवढ्या लोकांचा प्रवास, हे परवडणार कोणाला? मग ग्रुपने विचार केला, मोठं नाटक लोकांकडे नेता येत नाही ना, मग छोटं नेऊ.

बजेट नाही म्हणून एक नाट्यप्रकार हाती आला. तुमच्यापैकी जे फोनवर रील बनवतात, त्यांना हे चांगलंच कळेल.

पोस्टर ४: सायकल आणि चहा

१९७८. दिल्लीजवळ गाझियाबादमध्ये हेरिग इंडिया नावाचा कारखाना. कामगारांच्या दोन मागण्या होत्या. सायकली लावायला स्टँड हवा आणि चहा प्यायला, डबा गरम करायला कँटीन हवं. बस. मालक ऐकेनात, संप झाला आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकांनी गोळीबार केला. सहा कामगार गेले.

सायकल स्टँडसाठी सहा माणसं.

या घटनेवरून जनमने आपलं पहिलं पथनाट्य बसवलं, 'मशीन'. लांबी फक्त १३ मिनिटांच्या आसपास. संहिता सफदर हाश्मी आणि राकेश सक्सेना यांनी लिहिली. नटच एकमेकांना जोडून उभे राहतात आणि त्यांचंच एक यंत्र होतं. हात फिरतायत, तोंडाने खटखट आवाज चाललाय. यंत्र एका लयीत सुरू असतं आणि मध्येच थांबतं. का थांबलं, इथून नाटक सुरू. कुठलंही सामान नाही, माणसांची शरीरं हाच सेट. ऑक्टोबर १९७८ मध्ये कामगार संघटनांच्या एका संयुक्त परिषदेत पहिला प्रयोग झाला, आणि मग हे नाटक इतकं पसरलं की दुसऱ्या भाषांमधले ग्रुपही ते करायला लागले.

मुलांनी या पोस्टरवर आधी मोठं गिअरचं चाक टाकलं होतं. यंत्र म्हटलं की गिअर, साहजिक आहे. पण गिअर कुठल्याही पोस्टरवर चालतो. आम्ही तो काढला आणि एक सायकल ठेवली, भिंतीला टेकवलेली, हँडलला डबा अडकवलेला. खाली दोन ओळी. काय मागितलं होतं आणि काय मिळालं.

पोस्टर ५ आणि ६: बसचं तिकीट आणि एक कविता

पाचवं पटकन सांगते. १९७९ ला दिल्लीत सरकारी बसचं भाडं वाढलं. जनमने काही तासांत नाटक रचलं, 'डीटीसी की धांधली', आणि ते थेट बसथांब्यांवर नेलं. तिकिटाच्या आकाराचं पोस्टर. बातमी आली की नाटक तयार. आजच्या भाषेत म्हणजे कंटेंट वेळेवर.

सहावं 'औरत'चं. हेही १९७९ चंच, काम करणाऱ्या स्त्रियांच्या एका परिषदेसाठी बसवलेलं. सुरुवात होते मर्जिया अहमदी ओस्कूई या इराणी क्रांतिकारक कवयित्रीच्या कवितेने. तिला शहाच्या राजवटीत मारलं गेलं होतं. एकच नटी मुलगी, कॉलेजात जाणारी, बायको, कामगार अशा सगळ्या भूमिका करत जाते. मलयश्री हाश्मी या नाटकाशी कायमच्या जोडल्या गेल्या. 'औरत' हे जनमच्या सर्वांत जास्त वेळा झालेल्या नाटकांपैकी एक.

इथे आपल्याला आपलं काहीतरी आठवायला हवं. चारेक वर्षांनी, १९८३ मध्ये, मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' आणलं आणि ते गावोगाव गेलं. घरात एकदा आईला किंवा आजीला विचारा, पाहिलंय का म्हणून. हा जोड आम्ही पोस्टरवर एका ओळीत दिलाय. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असं म्हणायचं नाहीये. त्या काळात बायकांचे प्रश्न घेऊन रस्त्यावर उतरणारी नाटकं वेगवेगळ्या शहरांत उभी राहत होती, एवढंच दाखवायचंय.

पोस्टर ७: नट नसलेला फोटो

पथनाट्याच्या फोटोंची गंमत माहितीये? फोटोग्राफर वर्तुळाच्या कडेला उभा असतो, त्यामुळे नटाच्या पाठीमागे नेहमी प्रेक्षक येतात. स्टेजच्या नाटकात असं होत नाही, तिथे मागे पडदा असतो. तुम्ही अशा फोटोत नट सोडून मागे बघा. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, बापाच्या खांद्यावरचं पोर, गच्चीवरून वाकलेली माणसं, हसणारा एक, रागावलेला एक.

सातवं पोस्टर फक्त त्या लोकांचं केलं. फोटो कुणी काढला ते विचारून, परवानगी घेऊन, नाव टाकून. प्लीज, फोटो गुगलवरून उचलून लावू नका. ज्या फोटोग्राफरने उन्हात उभं राहून तो काढला, त्याचा इतिहास आपणच पुसायचा का?

पोस्टर ८, ९, १०: चार दिवस

नोव्हेंबर १९८८. दिल्लीच्या औद्योगिक भागात किमान वेतन वाढवा, या मागणीसाठी सात दिवसांचा मोठा संप झाला. त्याच्या प्रचारासाठी जनमचं नाटक होतं 'चक्का जाम'. संपानंतर तेच थोडं बदलून 'हल्ला बोल' झालं.

१ जानेवारी १९८९, रविवार. गाझियाबादजवळ साहिबाबादमधली झंडापूर ही कामगार वस्ती. गाझियाबादला नगरपालिकेच्या निवडणुका सुरू होत्या. 'हल्ला बोल'चा प्रयोग चालू असताना काँग्रेसच्या पाठिंब्यावर लढणाऱ्या उमेदवाराची माणसं आली आणि हल्ला झाला. लाठ्या, लोखंडी सळया, पिस्तुलं. बाकीच्यांना निसटता यावं म्हणून सफदरने दार अडवून धरलं. त्याला बाहेर ओढून मारलं. २ जानेवारीला तो गेला. वय ३४.

आणि त्याच हल्ल्यात गोळी लागून राम बहादूर गेला. नेपाळहून आलेला, त्याच वस्तीत राहणारा कामगार. नाटक ज्याच्यासाठी चाललं होतं, तो माणूस.

आता नवव्या पोस्टरबद्दल. आम्ही यावर दोन तास बोललो. सफदर लेखक होता, इंग्रजीत एम.ए. होता, त्याने कॉलेजात शिकवलं होतं, पत्रकारिता केली होती, लहान मुलांसाठी कविता लिहिल्या होत्या, चांगली नोकरी सोडून पूर्णवेळ नाटक करत होता. त्याच्याबद्दल लिहायला भरपूर आहे. राम बहादूरबद्दल? चार ओळी मिळाल्या. ग्रुपमधला एक मुलगा म्हणाला, "माहितीच कमी आहे, मग नाव बारीकच येणार ना?" प्रश्न खरा होता.

मग ज्या मुलीने पहिल्यांदा विचारलं होतं, तीच म्हणाली, "मजकूर कमी असू दे. अक्षराचा आकार का कमी?"

तसंच केलं. नवव्या पोस्टरवर एकही चित्र नाही. दोन नावं, एकाच आकारात, एकाच ओळीवर. एका नावाखाली मजकूर जास्त, दुसऱ्याखाली कमी, आणि कमी मजकुराखालची जागा तशीच मोकळी सोडली. ती भरायला फुलं नाहीत, मशाल नाही. कुणाबद्दल लिहून ठेवलं गेलं आणि कुणाबद्दल नाही, हे बघणाऱ्याला आपोआप दिसतं.

दहावं पोस्टर ४ जानेवारीचं. अंत्यसंस्काराला एक दिवस उलटला होता. मलयश्री आणि जनमचे बाकीचे कलाकार झंडापूरला परत गेले आणि त्याच जागी, हजारो लोकांसमोर, 'हल्ला बोल'चा अर्धवट राहिलेला प्रयोग पूर्ण केला. नवऱ्याला जाऊन दोनच दिवस झाले होते. मी याच्यावर जास्त काही बोलत नाही. पोस्टरवर सुद्धा फक्त तारीख, जागा आणि नाटकाचं नाव आहे.

पोस्टर ११: नंतरची पस्तीसहून जास्त वर्षं

मुलांच्या पहिल्या आराखड्यात गोष्ट इथेच संपत होती. शहीद, मशाल, द एंड. पण साधं गणित करा. १९७३ ते १९८९ म्हणजे सोळा वर्षं. त्यानंतरची वर्षं त्याच्या दुपटीहून जास्त. ग्रुप आजही काम करतोय. दर १ जानेवारीला झंडापूरला कार्यक्रम होतो. खटल्याचा निकाल लागायला २००३ उजाडलं, चौदा वर्षं, आणि आरोपी दोषी ठरले. २०१२ मध्ये दिल्लीच्या शादी खामपूर भागात 'स्टुडिओ सफदर' ही छोटी जागा उभी राहिली.

आणि एक धागा थेट आपल्या घरी येतो. १ जानेवारीला झंडापूरला असलेल्या कलाकारांमध्ये सुधन्व देशपांडे होते. 'उद्ध्वस्त धर्मशाळा' लिहिणाऱ्या गो. पु. देशपांडे यांचे चिरंजीव. गोपुंनी महात्मा फुल्यांवर लिहिलेलं 'सत्यशोधक' जनमने १९९२ मध्ये हिंदीत केलं. पुढे वीसेक वर्षांनी तेच नाटक अतुल पेठे यांनी पुण्यात महापालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन मराठीत केलं. फुल्यांचं नाटक दिल्लीला जाऊन पुण्याच्या कामगारांकडे परत आलं. पोस्टरवर एक झाडू आहे.

प्रदर्शनाबद्दल बोलतोय तर आणखी एक. १९८९ मध्येच सफदरच्या नावाने 'सहमत' ही कलावंतांची संस्था सुरू झाली. तिने १९९३ मध्ये 'हम सब अयोध्या' हे फलकांचं प्रदर्शन केलं. फैजाबादला त्याची मोडतोड झाली आणि एका फलकावरच्या मजकुरावरून संसदेपर्यंत गदारोळ गेला. पोस्टरवरचं एक वाक्य किती लांब जाऊ शकतं, बघा. म्हणून आम्ही प्रत्येक वाक्यापुढे वहीत लिहिलं, हे कुठून घेतलं. ज्याचा आधार सापडला नाही ते गाळलं. तीन झकास वाक्यं गेली. जाऊ देत.

लावायचं कसं?

ज्यांना असं काही करायचंय त्यांच्यासाठी, भराभर.

फ्लेक्स टाळा. उन्हात चमकतो, वाचता येत नाही, आणि नंतर कचरा. सुती कापडावर छापून घ्या, गुंडाळून पाठीवरच्या बॅगेत नेता येतं, पुढच्या गावाला जातं.

आकार ए-वन, म्हणजे साधारण ५९ बाय ८४ सेंटिमीटर. पोस्टरचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर आला की मान वाकवावी लागत नाही.

देवनागरीला श्वास घ्यायला जागा लागते. वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. इंग्रजीसाठी ठेवता तेवढं ओळींतलं अंतर ठेवलंत तर मात्रा एकमेकांत अडकतात. 'मुक्ता', 'बालू' असे मुंबईच्या एक टाईपचे फॉन्ट फुकट मिळतात आणि छान वाचता येतात. छापण्याआधी एक पोस्टर साध्या कागदांवर जोडून छापा, भिंतीला लावा, सहा पावलं मागे जा. मथळा वाचता येत नसेल तर परत लॅपटॉप उघडा.

आणि मांडणी. पथनाट्यात प्रेक्षक चारही बाजूंना असतात. म्हणून आम्ही पोस्टर भिंतीला लावलीच नाहीत. मैदानात बांबू रोवून, सुतळीवर, गोल टांगली. तोंडं आतल्या बाजूला. बघणारा आत येतो आणि वर्तुळाच्या मध्ये उभा राहतो, जिथे नट असतो तिथे.

पोस्टर १२

बारावं पोस्टर म्हणजे एक तक्ता आहे. पाच रकाने. तारीख, जागा, नाटक, किती लोक होते, कोण काय म्हणालं. शेजारी दोऱ्याला बांधलेलं पेन. हे त्या कॉलेजच्या ग्रुपचं स्वतःचं आहे. आठ वर्षं पथनाट्य करतायत ही मुलं, आणि पहिला प्रयोग कुठे झाला होता हे त्यांच्यातल्या एकालाही सांगता येईना. सीनियर पास होऊन गेले, व्हॉट्सॲप ग्रुप बंद झाले, फोन बदलले.

दिल्लीतल्या माणसांचा इतिहास शोधताना आपलाच हरवलाय हे कळलं, तेव्हा जरा शांतता पसरली होती. मग एकाने एका जुन्या सीनियरला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आवाज आला, "अरे, पहिला प्रयोग? एसटी स्टँडवर. पाऊस होता. प्रेक्षक किती? नऊ. त्यातले दोन कंडक्टर."

तक्त्यावरची पहिली ओळ तीच आहे.

तुमचाही ग्रुप असेल, नाटकाचा, ढोलाचा, वाचनाचा, कसलाही, तर आज रात्री झोपायच्या आधी अशी एक ओळ लिहा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या भागात वाचून दाखवू.

चला, भेटू. काळजी घ्या.